कट्टी, बट्टी आणि मधली सुट्टी

सातवीतला मुलगा. उजवा हात सुजलेला, करंगळीच्या मुळाशी असलेला उंचवटा सुजेत हरवलेला. सोबत आई; तिच्या खांद्याला त्याचे दप्तर, चेहऱ्यावर काळजीपेक्षा वैताग जास्त. ‘जिन्यावरून पडला,’ ती सांगते. मुलगा खाली बघत मान हलवतो. केसपेपरवर ‘पडून मार’ असे लिहिले जाते. एक्स-रे मात्र दुसरेच काही सांगतो. करंगळीच्या मागे तळहातात जे लांबट हाड असते, त्याची मान मोडलेली आहे. पडताना माणूस तळवा टेकतो. तेव्हा मोडते ते बहुधा मनगट. हे हाड मोडते ते मूठ आवळून कशावर तरी जोरात आपटली की. कुणाच्या जबड्यावर, नाही तर भिंतीवर. डॉक्टरांच्या भाषेत त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असेच नाव आहे.

आणखी एक जखम अशीच खोटे नाव घेऊन येते. मुठीच्या सांध्यावर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची चीर. ‘पत्रा लागला’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो समोरच्याचा दात असतो. दिसायला ही जखम अगदी क्षुल्लक, पण तोंडातले जंतू तिच्यातून थेट सांध्यात उतरतात आणि एक-दोन दिवसांत हात लाल, गरम आणि ताठ होतो. अशी जखम वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावी लागते, शक्यतो टाके न घालता उघडी ठेवावी लागते, प्रतिजैविके लगेच सुरू करावी लागतात. पत्र्याची साधी चीर समजून वर टाका घातला, तर जंतू आतच कोंडले जातात. म्हणजे इथे खोटे बोलण्याची किंमत बोटाचा सांधा मोजतो.

मुलगा खोटे का बोलतो? प्लास्टरला तो घाबरत नाही. त्याला भीती असते ती पुढच्या गोष्टींची. नाव सांगितले तर आई त्या घरी जाणार, त्या घरातून कुणी तरी आवाज चढवणार, संध्याकाळी वडील कामावरून आल्यावर प्रकरण नव्याने उकरले जाणार, दुसऱ्या दिवशी दोन्ही घरे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभी राहणार. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर सुरू झालेले भांडण एकदा मोठ्यांच्या हातात गेले की कुठवर जाईल, याचा अंदाज बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांपेक्षा चांगला असतो.

सहावी ते आठवी हा या बाबतीतला सर्वांत अवघड टप्पा. तिसरी-चौथीतले मूल काही झाले की बाईंकडे धावते: ‘बाई, हा बघा ना!’ सहावी-सातवीपासून हे धावणे थांबते, कारण धावणारा ‘चुगलखोर’ ठरतो. कॉलेजात गेलेला मुलगा बऱ्याचदा बोलून, टाळून, थट्टेवारी नेऊन भांडण निभावतो. मधल्या दोन-तीन वर्षांत मात्र मोठ्यांकडे जाणे सुटलेले असते आणि आपले आपण मिटवणे अजून जमत नसते. याच वर्षांत हात मोठे आणि जड होतात, आणि खिशात, निदान घरात, मोबाइल येतो.

जोगेश्वरीत शाळेच्या पाळ्या बदलण्याची वेळ पाहावी. सकाळची पाळी सुटत असते, दुपारची भरत असते. एकाच जिन्यावरून शेकडो मुले खाली येतात आणि शेकडो वर जातात. दप्तरे एकमेकांत अडकतात. कुणाचा तरी खांदा कुणाच्या तरी खांद्यावर आदळतो. आता मराठीत या घटनेसाठी दोन क्रियापदे आहेत: धक्का लागला आणि धक्का मारला. शाळकरी वयातली निम्मी भांडणे या दोन शब्दांमधल्या जागेत घडतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० साली नेमके हेच तपासले. दुसरी, चौथी आणि सहावीतल्या मुलांना एक कोडे जुळवायला दिले, आणि मग दुसऱ्या एका मुलाने ते मोडले असे त्यांच्या कानावर घातले. काहींना कळले की त्याने मुद्दाम मोडले. काहींना कळले की तो मदत करायला गेला आणि मोडले. काहींना कारण कळलेच नाही. पहिल्या दोन प्रसंगांत मारकुटी मुले आणि इतर मुले यांच्या वागण्यात फारसा फरक नव्हता. फरक पडला तो तिसऱ्या, धूसर प्रसंगात. मारकुट्या मुलांनी ‘मुद्दामच केले’ असे धरून चालून प्रतिसाद दिला. म्हणजे या मुलांचा दोष हात उचलण्याच्या आधीच्या एका क्षणात होता: त्यांना ‘लागला’ हा शब्द सुचतच नव्हता. याच डॉज यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये दाखवून दिले की घरात शारीरिक इजा होईपर्यंत मार खाल्लेल्या लहान मुलांमध्ये ही वाचण्याची खोड अधिक आढळते. मार खाणारे मूल जगाकडे पाहायला शिकते ते असे. ‘दोन फटके दिले की सुधारेल’ म्हणणाऱ्या पालकांसाठी ही माहिती कामाची आहे.

त्यात भर पडते ती प्रेक्षकांची. भांडण लागले की मुलांचे कडे तयार होते, मागून ‘मार, मार’ सुरू होते, आणि आता तर दोन-चार मोबाइलही वर होतात. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ ते १६ वयाची मुले, कॉलेजवयीन तरुण आणि प्रौढ अशा तिघांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. कधी एकट्याने, कधी मित्रांसमोर. मित्र बघत असताना धोका पत्करण्याचे प्रमाण वाढले, आणि ही वाढ सर्वांत ठळक होती ती कोवळ्या वयाच्या मुलांत. या वयात मेंदूतील भावना आणि बक्षिसाची ओढ हाताळणारी केंद्रे जोमात असतात, तर लगाम खेचणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. हे वाक्य अलीकडे इतके वापरले जाते की ते सबबीसारखे वाटू लागले आहे. अर्धवट तयार मेंदू घेऊनही बहुसंख्य मुले बहुतेक दिवस न मारामारी करता घरी येतात, हे विसरू नये. पण त्यातून एक साधी गोष्ट हाती लागते. भांडणाऱ्या दोघांना वेगळे करण्यापेक्षा आधी प्रेक्षकांना पांगवणे जास्त उपयोगाचे असते. प्रेक्षक गेले की माघार घेण्याची लाजही निम्मी होते.

ही कौशल्ये मुले पूर्वी कुठे शिकत होती? बरीचशी खेळात. गोट्या, लगोरी, डबा ऐसपैस आणि गल्लीतले क्रिकेट यांत पंच नसतो, त्यामुळे खेळाइतकाच वेळ हुज्जतीत जातो. आऊट की नॉट आऊट यावर एकमत झाले नाही, तर बॉल परत टाकायचा. समोरच्या खिडकीला लागला तर आऊट, कारण त्या काकू बॉल परत देत नाहीत. ‘टाइम प्लीज’ म्हटले की पकडायचे नाही. धाकटा भाऊ सोबत आलाच असेल, तर तो लिंबूटिंबू. हा लिंबूटिंबू तर वाटाघाटीचा उत्तम नमुना आहे: खेळायचेही आहे, डावही बिघडू द्यायचा नाही, आणि लहान मूल रडूही द्यायचे नाही, अशा तीन अडचणींवर मुलांनी काढलेला तोडगा. रडीचा डाव खेळणाऱ्याला शिक्षा एकच, उद्या कुणी भिडू म्हणून घेत नाही. आणि कट्टी झाली तरी ती कायमची नसते; बट्टी करण्याची पद्धतही ठरलेली असते, म्हणजे आधी कोण बोलले याची लाज राहत नाही.

झां पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात नीतीची सुरुवात शोधली ती गोट्यांच्या खेळातच. जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांजवळ बसून त्यांनी नियम विचारले. लहान मुलांना नियम देवाने किंवा वडिलांनी घालून दिल्यासारखे, न बदलणारे वाटत होते. दहा-अकरा वर्षांच्या पुढची मुले म्हणत होती, सगळ्यांनी मान्य केले तर नियम बदलता येतो. ही समज कुणी शिकवल्याने आली नव्हती. बरोबरीच्या मुलांशी हुज्जत घालून आली होती.

अर्थात जुन्या गल्लीचे गोडवे गायलाही मर्यादा हवी. तिथेही बॅट ज्याची त्याचाच शब्द चालायचा आणि मुलींना फारशी जागा नसायची. पण आज जोगेश्वरीच्या गल्ल्यांत दुचाकी उभ्या आहेत, उरलेला वेळ क्लासकडे गेला आहे, आणि ज्यांना परवडते त्यांची मुले क्रिकेट शिकतात ती पंच आणि प्रशिक्षक असलेल्या मैदानावर. तिथे फटका चांगला शिकता येतो. हुज्जत घालायला मात्र कुणी देत नाही.

मग उरते ती शाळा. शाळेत भांडण झाले की काय होते, ते सर्वांना माहीत आहे. दोघांना स्टाफरूमबाहेर उभे केले जाते. ‘कोणी सुरू केले?’ असा प्रश्न येतो. या प्रश्नाला दोघांकडेही खरे उत्तर असते आणि दोन्ही उत्तरे वेगळी असतात. शेवटी ‘चला, सॉरी म्हणा, हात मिळवा’. एका मिनिटात निकाल. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण समोर भरगच्च वर्ग आणि टेबलावर भरायचे तक्ते असताना दुसरे काय करणार? शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २००९ मध्ये शाळेतून छडी हद्दपार केली, ते योग्यच झाले. पण छडीच्या जागी शिक्षकाच्या हातात काय द्यायचे, याचा विचार झाला नाही.

जे दहा मिनिटे मागते ते असे. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे बंधू अनेक वर्षे शाळांमध्ये हेच शिकवत आले. आधी एकाने सांगायचे: मला काय हवे होते, मला काय वाटले, का वाटले. दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही. उलट ऐकलेले आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचे, आणि ‘हो, हेच म्हणायचे होते’ असे पहिल्याने मान्य केले की पाळी बदलायची. मग दोघांनी मिळून निदान तीन तोडगे सुचवायचे आणि त्यातला एक घ्यायचा. तीनचा आग्रह महत्त्वाचा आहे. पहिला तोडगा नेहमी ‘त्याने माफी मागावी’ हाच असतो, दुसरा ‘तर मग मीही मागणार नाही’. तिसऱ्यासाठी डोके चालवावे लागते. यात मोठ्या माणसाचे काम न्याय देण्याचे नसते. शेजारी बसून पाळी राखण्याचे असते. आणि हे भांडण लागल्यावर पहिल्यांदा करून चालत नाही, लेझीमसारखे आधी शांतपणे बसवावे लागते.

हे मुंबईत जमेल का, असे विचारणाऱ्यांसाठी मुंबईतच एक उदाहरण आहे. २००८ ते २०१० या काळात महापालिकेच्या ४५ शाळांमध्ये सहावी-सातवीच्या, १२ ते १४ वयाच्या मुलामुलींबरोबर ‘जेम्स’ नावाचा उपक्रम झाला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, कोरो ही मुंबईचीच संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी तो मिळून राबवला. पहिल्या वर्षी मुलगा-मुलगी भेद, शरीर आणि हिंसा हे विषय. दुसऱ्या वर्षी नाती, भावना, संवाद आणि भांडण मिटवणे. व्याख्यान नव्हते, खेळ, नाट्यप्रसंग, वाद, गटचर्चा यांतून तासिका चालत. काही शाळांत तासिका आणि मोहीम दोन्ही, काहींत केवळ मोहीम, काहींत काहीच नाही, अशी तुलना ठेवली होती.

निकाल काय आला? मते बदलली. मुलामुलींच्या समानतेबद्दलचे विचार तासिका झालेल्या शाळांत स्पष्टपणे पुढे सरकले. प्रत्यक्ष एकमेकांना मारणे, चिडवणे मात्र सरसकट कमी झाले नाही. तिथले आकडे संमिश्र राहिले. उपक्रमाची जाहिरात करणारे सहसा पहिला भाग सांगतात, पण दुसरा भाग अधिक शिकवणारा आहे. एक तर विचार बदलणे आणि हात आवरणे यांत मोठे अंतर असते, हे प्रौढांनाही ठाऊक आहे. दुसरे असे की, चिमटा काढणे, नावे ठेवणे, जात काढणे हीदेखील हिंसाच, हे मुलांना कळल्यावर त्यांनी ते अधिक प्रामाणिकपणे नोंदवले असण्याची शक्यता आहे. कालपर्यंत जी ‘मस्करी’ होती तिला आज नाव मिळाले, तर आकडा वाढणारच. वर्षभराच्या तासिकांनी वर्ग शांत होईल अशी अपेक्षा ठेवणारा मुख्याध्यापक निराश होईल. गणिताकडून अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. ते दहा वर्षे शिकवले जाते.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. वर सांगितलेले सगळे बरोबरीच्या भांडणासाठी आहे. दादागिरीसाठी नाही. १९८३ मध्ये नॉर्वेत तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर, ज्यांच्यामागे सोबत्यांचा छळ हे कारण असावे असे मानले गेले, तिथल्या सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. डॅन ओल्व्हेअस या संशोधकाने तेव्हा केलेली फोड आजही उपयोगी पडते: त्रास मुद्दाम दिलेला आहे का, तो पुन्हा पुन्हा होतो का, आणि दोघांच्या ताकदीत तफावत आहे का. ताकद म्हणजे केवळ दंड नव्हे. पाच जणांचा गट, वडिलांचे वजन, बोलण्यातली सफाई, ग्रुपचा अ‍ॅडमिन असणे हीही ताकदच. या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवा’ म्हणणे म्हणजे छळ झालेल्या मुलाला पुन्हा त्याच्यासमोर उभे करणे. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही म्हण भांडणापुरती खरी आहे. दादागिरीत ती सरळ अन्याय करते. तिथे मोठ्यांनी मध्ये पडायचे, छळ थांबवायचा आणि थांबला आहे की नाही हे आठवडा-पंधरवड्याने परत विचारायचे.

आणि हा छळ नेहमी मुठीने होत नाही. मुलींमध्ये, आणि मुलांमध्येही, अबोला हे त्याचे हत्यार असते. सगळ्या वर्गाने ठरवून एकीशी न बोलणे, डबा खाताना जागा न देणे, रात्री नवा ग्रुप काढून त्यातून तिला वगळणे. कट्टीला निदान बट्टीची वाट असते. या अबोल्याला नसते. ही मुलगी अपघात विभागात येत नाही. ती बाह्यरुग्ण विभागात येते, पोटदुखी घेऊन. बेंबीभोवती दुखते, शाळेच्या दिवशी सकाळी जास्त, रविवारी आणि मे महिन्यात नाही. तपासण्या नॉर्मल येतात आणि घरात ‘नाटक करते’ असे ठरते. हे नाटक नसते. मेंदू आणि आतडे यांचे तारायंत्र सतत चालू असते, आणि ताणाने आतड्याला खरोखर कळ येते. मात्र दुखण्याने मूल रात्री झोपेतून जागे होत असेल, वजन घटत असेल, ताप, रक्त पडणे किंवा सततच्या उलट्या असतील, तर मनावर ढकलून न देता पोटाचाच शोध घ्यायला हवा. बाकी वेळी डॉक्टरांनी आणखी एक सोनोग्राफी लिहिण्याआधी विचारावे, मधल्या सुट्टीत तू कुणाबरोबर बसतेस?

जोगेश्वरीच्या बाबतीत या सगळ्याला आणखी एक पदर आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत या उपनगराने फार सोसले. जोगेश्वरी पूर्वेतल्या राधाबाई चाळीचे नाव तेव्हा देशभर गेले. दोन्ही समाजांतील माणसे इथे मारली गेली. त्या वर्षी जी मुले सहावी-सातवीत होती ती आज चाळिशीत आहेत आणि त्यांची मुले आता त्या वर्गांत आहेत. ‘नाव सांगू नकोस, उगाच वाढेल’ हा घरातला सल्ला नुसता भित्रेपणा नाही, त्याला आठवण आहे. दंगलींनंतर मुंबईत सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. त्यांच्या कामाचा गाभा तसा साधाच होता: ठिणगी लहान असताना दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसायचे, अफवा तपासायची. मुलांचे क्रिकेटचे भांडण दोन गल्ल्यांचे होण्याआधी तिथेच थांबवायचे. मोठ्यांसाठी जे उभारावे लागले, ते शाळकरी वयातच शिकवता आले असते का, हा प्रश्न जोगेश्वरीने विचारायला हवा.

मुझफ्फर शेरीफ यांचा १९५४ मधला अमेरिकेतील ओक्लाहोमाचा प्रयोग इथे आठवतो, कारण त्यातली मुले याच वयाची होती. अकराच्या आसपासची २२ मुले, दोन गट. स्पर्धा लावताच आठवड्याभरात झेंडे जाळणे, एकमेकांच्या केबिनांवर हल्ले सुरू झाले. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला, सिनेमा पाहायला बसवले, तर त्यांनी अन्न एकमेकांवर फेकले. वातावरण निवळले ते पाण्याची टाकी बंद पडल्यावर ती दोघांनी मिळून दुरुस्त केली आणि अडकलेला ट्रक एकाच दोराने ओढला तेव्हा. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. संशोधकांनीच मुलांना चिथावले होते, आणि आदल्या वर्षीच्या तशाच शिबिरात मुलांनी भांडायला नकार दिल्याने प्रयोग गुंडाळावा लागला होता. ती टीकाही आशा वाढवणारीच आहे. पण एकत्र बसवणे आणि एकत्र काम करणे यांतला फरक त्याने दाखवला, तो खरा आहे. महापालिकेच्या कित्येक इमारतींत एका मजल्यावर मराठी माध्यम, दुसऱ्यावर उर्दू, तिसऱ्यावर हिंदी अशा शाळा भरतात. वर्षातून एकदा एकात्मतेचा कार्यक्रम होतो, मुले ओळीने बसतात, पाहुण्यांचे भाषण ऐकतात आणि आपापल्या जिन्याने जातात. त्याऐवजी इमारतीच्या नळाची, मैदानाच्या वेळापत्रकाची, जिन्यावरच्या गर्दीची जबाबदारी दोन्ही माध्यमांच्या आठवीतल्या मुलांच्या एकाच गटाकडे द्यावी. भांडणे होतील. ती तशी व्हायलाच हवीत.

हे सारे करायचे कुणी? बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहर’ नावाचा मोठा अभ्यास झाला, तो राबवला गोव्यातील ‘संगात’ या संस्थेने, आणि २०१८ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. नववीच्या मुलांसाठी शाळेतले वातावरण सुधारण्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काही शाळांत थोडे प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या समुपदेशकाने. त्यात मुलांना नाव न घेता मनातले लिहून टाकण्यासाठी पेटीही होती. समुपदेशक असलेल्या शाळांत दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे लक्षणीय कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक कमी पडले असा याचा अर्थ काढू नये. जो माणूस गुण देतो, हजेरी घेतो आणि पालकांना बोलावतो, त्याला मूल मनातले सांगत नाही, इतकेच. आणि हा समुपदेशक मानसशास्त्राचा पदवीधर असण्याची गरज नव्हती, ही आपल्याकडच्या तिजोरीसाठी बरी बातमी आहे.

आयुष्मान भारतअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ म्हणून नेमायचे आहेत, आठवड्याला एक तास ठेवायचा आहे. भावनिक आरोग्य, परस्परसंबंध आणि हिंसेपासून सुरक्षितता हे त्याच्या ११ विषयांत आहेत. कागदावर सर्व आहे. नालंदाचा धडा घेऊन त्यात एका गोष्टीची भर घालावी: तीन-चार शाळांमागे एक असा, कुठल्याच शाळेचा शिक्षक नसलेला माणूस. जोगेश्वरीत बारावी झालेली, वस्ती ओळखणारी, मुलांशी बोलता येणारी तरुण मुले-मुली काही कमी नाहीत. आरोग्यसेविका वस्तीत फिरते, तसा हा शाळेत फिरेल. महापालिकेच्या आरोग्य खात्याने आणि शिक्षण खात्याने यासाठी एका टेबलाशी बसायला हवे, आणि शाळकरी मुलांच्या भांडणाइतकेच तेही अवघड असते, हा अनुभव आहे.

घरी काय करावे? ‘कोणी सुरू केले?’ हा प्रश्न आठवडाभर रजेवर पाठवावा. त्याऐवजी ‘मग काय झाले?’ आणि थोड्या वेळाने ‘त्याला काय वाटले असेल?’ एवढे विचारून गप्प बसावे. मुलाच्या वतीने दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी; बहुतेक भांडणे तेवढ्यात शिळी होतात. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर हा विषय काढूच नये. जखम असेल, धमकी असेल, त्रास रोजचा असेल, मूल शाळेला जाणे टाळत असेल किंवा ‘मला जगायचेच नाही’ असे काही बोलले, तर मात्र रात्र जाऊ देऊ नये. टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक मोफत आहेत. पहिला मनाच्या त्रासासाठी, दुसरा मुलांच्या सुरक्षिततेसाठी.

आणि रुग्णालयात? मुठीवर लहानशी चीर घेऊन आलेल्या मुलाला तपासताना आईला दोन मिनिटे केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवता येते. मग खुर्ची जवळ ओढून विचारावे, ‘कोण होता ते नको सांगूस. दात होता का, तेवढे सांग.’ मुलगा आधी दाराकडे बघतो. मग मान हलवतो. टाक्याचे सामान बाजूला ठेवून नळ सोडता येतो.